पालेम्बांग, १४ फेब्रुवारी १९४२: विमानतळ खरंच पॅराट्रूपर्सनी जिंकला का?

नकाशेवाला

पॅराशूटने उतरून केलेल्या हल्ल्यांवर कुठेही चर्चा निघाली की क्रीट होतं, आर्नहेम होतं, आणि मग कुणीतरी पालेम्बांग काढून "तीनेकशे जपान्यांनी अख्खं तेल घशात घातलं" असं सांगून मोकळं होतं. मला हे पचत नाही.

ज्यांना संदर्भ हवा त्यांच्यासाठी: पालेम्बांग हे दक्षिण सुमात्रात मुसी नदीच्या काठचं शहर, तेव्हा डचांच्या ताब्यात. उत्तरेला साधारण १३ किमीवर पी-१ विमानतळ. नदीच्या खालच्या अंगाला, कोमेरिंग मुसीला मिळते तिथे, दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने: प्लाजू (शेलच्या डच कंपनीचा) आणि सुंगाई गेरोंग (अमेरिकी स्टँडर्ड-व्हॅक्यूमचा). १४ तारखेला सकाळी मलायातल्या काहांग आणि क्लुआंगहून निघालेल्या विमानांतून जपानी भूदलाच्या २ऱ्या रेडिंग (म्हणजे पॅराट्रूपरांच्या) रेजिमेंटचे सुमारे १८० जण पी-१ च्या आसपास उतरले आणि शंभरेक जण कारखान्यांजवळ. रात्र पडायच्या सुमारास ब्रिटिशांनी पी-१ सोडला. १५ ला जपानी २२९वी इन्फंट्री रेजिमेंट बांका सामुद्रधुनीतून मुसीत शिरून वर आली.

माझं म्हणणं असं की ही रेजिमेंट निघालेलीच होती. पॅराट्रूपर उतरले नसते तर फार तर एक-दोन दिवस उशिरा हेच झालं असतं. मग या उडीचं नेमकं कर्तृत्व काय?

सातारी_तर्री

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तोफखाना भाऊ येतीलच इतक्यात.

तोफखाना

आलो. 😀 अर्धं सहमत.

पी-१ वर बचावाला काय होतं ते आधी बघा. ३.७ इंची जड विमानविरोधी तोफा आणि ४० मिमी बोफोर्स. ३.७ इंची तोफेचं वजन नऊ टनांच्या वर. ट्रॅक्टर जोडल्याशिवाय ती जागची हलत नाही आणि तिची सगळी रचना उंचावरच्या विमानासाठी. पन्नास पावलांवरच्या झाडीत लपलेल्या माणसाला तिचा काही त्रास नाही. जमिनीवरून लढायला शंभरावर डच शिपाई, मोजक्या चिलखती गाड्या आणि रॉयल एअर फोर्सचे मेकॅनिक, फिटर, कारकून. यातल्या अनेकांकडे रायफल नव्हती, आणि ज्यांच्याकडे होती त्यांना जंगलातल्या लढाईचं प्रशिक्षण नव्हतं. डोकी मोजली तर बचाव करणारे जास्तच भरतील, पण लढू शकणारे किती?

आता रस्ता. पी-१ ते पालेम्बांग जंगलातून जाणारा एकच रस्ता. दारूगोळा, पाणी, जेवण, रुग्णवाहिका, सगळं त्याच्यावरून. जपानी उतरले ते धावपट्टीवर नाही, तिच्या दोन बाजूंना. रस्त्याच्या बाजूला पडलेल्यांनी येणारी वाहनं अडवून उलटी केली आणि आडोसा धरला. शहरातून मदतीला आलेलेही तिथेच अडकले, तळावरून निघालेलेही. तोफांचा साठा तसाही तुटपुंजा होता. एकदा रस्ता गेला की तळ किती तास टिकणार एवढाच हिशोब उरतो.

म्हणून माझ्या मते विमानतळ जिंकला तो रस्त्याने.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे विमानातून उड्या मारून शेवटी काय केलं, तर रस्ता रोको. हे काम आपल्याकडे विमानाशिवाय होतं.

मेधा_क

शंका: धावपट्टीवरच का नाही उतरले? मोकळी, सपाट जागा तीच होती ना?

पंखा_नं_५

मेधाताई, मोकळी जागा म्हणजे तोफांच्या मधोमध. हवेत लटकलेला माणूस काहीच करू शकत नाही. छत्री २०० मीटरवर उघडली आणि सेकंदाला ५-६ मीटरने खाली आली, तर पस्तीस-चाळीस सेकंद तो बोफोर्ससमोर टांगलेला. शिवाय वारा. सेकंदाला पाच मीटर म्हणजे अगदी मामुली वारा, पण तेवढ्यात माणूस पावणेदोनशे मीटर सरकतो.

त्यात विमानाचा वेग धरा. ताशी २०० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ मीटर. दाराशी बाराजण उभे आहेत आणि प्रत्येकाने एक सेकंद घेतला, तर पहिला आणि बारावा यांच्यात सहाशे मीटर अंतर पडतं. मोकळ्या मैदानात हे अंतर पाच-सात मिनिटांत कापता येतं. तोडीनंतर पुन्हा वाढलेल्या दाट जंगलात, दलदलीत, तेही आवाज न करता, तासभर लागतो. पी-१ ला नेमकं हेच झालं. माणसं दोन-चारच्या टोळक्यांनी भटकत राहिली.

पंखा_नं_५

राहिलंच. हत्यारं. जपानी सैनिक पिस्तूल आणि हातबाँब घेऊन उडी मारायचा. रायफली, मशिनगन, गोळ्या वेगळ्या पेट्यांतून. पालेम्बांगला या पेट्या ९८व्या सेंताईच्या (जपानी भूदलाच्या विमानांची तुकडी) कि-२१ बाँबर विमानांनी टाकल्या, म्हणजे माणूस एका विमानातून आणि त्याची रायफल दुसऱ्या विमानातून! दोन्हींचा वेग वेगळा, वेळ वेगळी, उंची वेगळी. जंगलात पेटी सापडली तर नशीब. बरेच जण दिवसभर पिस्तुलावरच लढले. यातूनच पुढे दोन तुकड्यांत सुटणारी टाइप २ रायफल आली, अंगावर बांधून उडी मारता येईल अशी.

सातारी_तर्री

डबा एका लोकलने आणि माणूस दुसऱ्या लोकलने. 😂

नकाशेवाला

पंखाभाऊ, तुम्ही माझीच बाजू भक्कम करताय. पिस्तुलं घेतलेली, विखुरलेली दीड-पावणेदोनशे माणसं. समोर जरा तयारीची एक बटालियन असती तर दुपारपर्यंत निकाल लागला असता.

तोफखाना

असती तर. नव्हती. आणि ती का नव्हती यातच जपानी योजनेचं मर्म आहे. सिंगापूर बुडत होतं, जे काही होतं ते तिकडे अडकलेलं. आणि १४ च्या सकाळी पी-१ वरची हडसन, ब्लेनहाइम ही बाँबर आणि त्यांच्या सोबतीची हरिकेन लढाऊ विमानं कुठे होती? बांकाजवळ त्याच २२९व्या रेजिमेंटच्या ताफ्यावर हल्ला करायला गेलेली. तळ रिकामा असताना उडी पडली.

पंखा_नं_५

यात एक गंमत आहे. जपान्यांच्या वाहतूक विमानांत टाइप एलओ होती, म्हणजे लॉकहीड १४ ची परवान्यावर जपानात बांधलेली आवृत्ती. ब्रिटिशांची हडसन कशावरून बनली? त्याच लॉकहीड १४ वरून. खालून बघणाऱ्याला आपलीच विमानं परत येताहेत असं वाटणं अगदी साहजिक. "जपान्यांनी ब्रिटिश खुणा रंगवल्या होत्या" अशी दंतकथा अधूनमधून फिरते, पण त्याची गरजच नव्हती. सोबतीला ५९व्या आणि ६४व्या सेंताईची हायाबुसा लढाऊ विमानं होती.

परतणाऱ्या हरिकेन्सना इंधन संपत आलेलं असताना पी-२ कडे वळायला सांगितलं गेलं. काही पी-१ वरच उतरली.

मेधा_क

पी-२ कुठला?

नकाशेवाला

नैऋत्येला, साठेक किमीवर, प्राबुमुलिहच्या बाजूला. जंगलात इतका बेमालूम लपवलेला की जपान्यांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यामुळे पी-१ घेऊनही हवाई दलाचं कंबरडं मोडलं नाही. १५ ला पी-२ वरून उडालेल्या विमानांनी मुसीतून वर येणाऱ्या होड्यांवर दिवसभर मारा केला आणि जपान्यांची चांगलीच हानी केली. हा माझा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. उडी यशस्वी म्हणता, पण ज्या विमानांना रोखायचं होतं ती दुसऱ्या दिवशी डोक्यावर होतीच!

रॉकेल

नकाशेवाले, तुम्ही सगळे धावपट्टीवरच अडकलात. तेलाकडे या जरा.

जपानला घाई कशाची होती? ऑगस्ट १९४१ पासून अमेरिकेने तेल तोडलं, डचांनीही हात आखडला. जानेवारी १९४२ मध्ये जपान्यांनी बोर्निओजवळचं ताराकान घेतलं, मग बालिकपापान. दोन्हीकडे डचांनी विहिरी आणि टाक्या पेटवून दिल्या. बालिकपापानला तर आधी धमकी देऊनही ऐकलं नाही, आणि मग जपान्यांनी तिथल्या गोऱ्या रहिवाशांचा आणि कैद्यांचा बळी घेतला. समुद्रातून ताफा दिसल्यावर सुरुंग लावायला डचांना कित्येक तास मिळत होते, हे गणित मोडायचं होतं. ताफा किनाऱ्याला लागायच्या आधीच माणसं कारखान्यात असली पाहिजेत, म्हणून उडी.

कारखाना उडवणं हे काडी लावण्याइतकं सोपं काम नाही. टाक्या पेटवणं सोपं, पण टाक्या महिनाभरात पुन्हा उभ्या राहतात. खरं नुकसान करायचं तर ऊर्ध्वपातनाचे मनोरे, क्रॅकिंगचा विभाग, बॉयलर आणि पंपघर या चार जागी स्फोटकं लागतात, तीही आधीपासून बसवलेली, तारा ओढलेल्या. यासाठी कारखान्याचीच माणसं लागतात, शांतपणे काम करता येईल अशी जागा लागते आणि वेळ लागतो. प्लाजूत पॅराट्रूपर कारखान्याच्या आत घुसले, हवाई हल्ल्यासाठी बांधलेल्या आश्रयखंदकांत बसून लढले. डचांनी प्रतिहल्ला करून कारखाना परतही घेतला. पण नळांच्या जंजाळात दोन्हीकडून गोळ्या सुटल्यावर नळांना भोकं पडली, तेल वाहिलं, आगी लागल्या. या गोंधळात पद्धतशीर विध्वंस करणार कोण?

परिणाम बघा. सुंगाई गेरोंगची नासधूस बऱ्यापैकी झाली. प्लाजू मात्र जपान्यांना बराचसा शाबूत मिळाला, आणि महत्त्वाचा तोच होता. विमानाचं पेट्रोल तिथे तयार व्हायचं.

तोफखाना

+१. हा मुद्दा माझ्याही लक्षात होता पण रॉकेलसाहेबांसाठी राखून ठेवला होता. 😉

उंटावरचा_शहाणा

म्हणजे कारखान्यावरचे पॅराट्रूपर हरले आणि हरूनच जिंकले.

रॉकेल

शहाणे, पहिल्यांदाच उंटावरून खाली उतरून बोललात. बरोबर आहे.

कोकणकडा

पालेम्बांग ही जपान्यांची पहिली उडी नव्हे, हे इथे कुणीच म्हणालेलं नाही. त्याआधी ११ जानेवारी १९४२ ला उत्तर सेलेबेसमध्ये मानादोजवळच्या लांगोआन विमानतळावर नौदलाची १ली योकोसुका तुकडी उतरली होती. कमांडर होरिउची तोयोआकी. दावाओहून २८ विमानं, मित्सुबिशी जी३एम बाँबरची वाहतुकीसाठी बदललेली, प्रत्येकी बारा जण, एकूण ३३४. त्यातलं एक विमान त्यांच्याच एका सागरी विमानाने शत्रूचं समजून पाडलं. दुसऱ्या दिवशी आणखी १८५ उतरले.

तिथे ते थेट विमानतळावरच उतरले, मेधाताईंच्या प्रश्नातल्यासारखे. हत्यारांच्या पेट्यांपर्यंत पोचेपर्यंत डचांच्या मशिनगनींनी भाजून काढलं. तरी त्याच दिवशी तळ पडला, कारण बचाव फार पातळ होता आणि मानादो व केमा या दोन्ही किनाऱ्यांवर त्याच दिवशी जपानी सैन्य उतरलं होतं. पकडलेल्या शिपायांच्या हत्यांसाठी युद्धानंतर डचांनी होरिउचीवर खटला चालवला आणि १९४८ मध्ये त्याला देहदंड दिला.

भूदल आणि नौदल यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य तर जगजाहीर. लांगोआनची बातमी टोकियोने दाबून ठेवली, पालेम्बांग झाल्यावरच जाहीर केली. कारण दिलं गुप्ततेचं. नौदलवाले काय म्हणाले असतील ते आपण समजून घ्यायचं.

सातारी_तर्री

श्रेयवादाची लढाई सगळीकडे सारखीच. फ्लेक्स कुणी आधी लावायचा एवढाच प्रश्न.

पंखा_नं_५

भूदलाचंही नशीब फाटकंच होतं. पालेम्बांगला जायची होती ती १ली रेडिंग रेजिमेंट. तिला घेऊन जाणारी मेइको मारू ही बोट ३ जानेवारीला भर समुद्रात पेटली. माणसं वाचली, सामान गेलं. छत्र्या, हत्यारं, सगळं. ऐनवेळी २री रेजिमेंट उभी केली. प्रमुख मेजर कोमुरा, आणि त्यांच्यावर ब्रिगेडचे कर्नल कुमे. कुमे स्वतः उडी मारणार नव्हते, त्यांचं विमान पी-१ जवळ दलदलीत उतरवलं गेलं. म्हणजे लढाईच्या ऐन भरात म्होरक्या चिखलात.

नकाशेवाला

कोकणकडा, मग कुपांगही सांगाच. तिथे तर माझं म्हणणं आणखी पक्कं होतं.

कोकणकडा

उलट होतं असं मला वाटतं, पण सांगतो.

२० फेब्रुवारी १९४२, डच तिमोरमधलं कुपांग. लक्ष्य पेनफुई विमानतळ. बचावाला ऑस्ट्रेलियन २/४० बटालियन, लेफ्टनंट कर्नल लेगॅट. ३ऱ्या योकोसुका तुकडीचे तीनशेवर पॅराट्रूपर पहिल्या दिवशी आणि साधारण तेवढेच दुसऱ्या दिवशी उतरले. पण पेनफुईवर नाही, ईशान्येला बाबाऊ-उसाऊच्या बाजूला. ऑस्ट्रेलियनांचा साठा चांपलाँगला होता आणि तिकडे जाणारा रस्ता तिथूनच जातो. बटालियनला आता दोन तोंडांनी लढायचं होतं, पाठीवर समुद्रातून उतरलेली फौज आणि पुढे वाटेत हे. २१ ला त्यांनी बाबाऊ गाठलं, २२ ला उसाऊची टेकडी संगिनी लावून घेतली. पॅराट्रूपर्सचं जबर नुकसान झालं. पण तोवर बटालियनकडचं पाणी, गोळ्या आणि वेळ संपत आला होता, जखमी ट्रकांत भरलेले. २३ ला मागून रणगाड्यांसह जपानी तुकडी येऊन भिडली आणि शरणागती झाली.

आता सांगा. टेकडीवरचे पॅराट्रूपर हरले. पण त्यांनी बटालियनला दोन दिवस अडकवलं नसतं तर ती चांपलाँगमार्गे डोंगरात शिरली असती.

तोफखाना

हेच मी वर म्हणत होतो. लांगोआन सोडलं तर दोन्हीकडे त्यांच्या हाती आधी लागला तो रस्ता.

शिलेदार

अवांतर, पण अगदीच नाही. हाच धडा आपल्याकडे १९७१ मध्ये शिस्तीत वापरला गेला. ११ डिसेंबरला पूर्व पाकिस्तानातल्या टांगाईलला आपल्या २ पॅरा बटालियनची उडी. लक्ष्य विमानतळ नव्हताच. लोहाजंग नदीवरचा पूंगलीचा पूल. जमालपूर-मैमनसिंगहून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडचा रस्ता तोडायचा, एवढंच काम. आजूबाजूचा मुलूख कादर सिद्दीकींच्या मुक्तियोद्ध्यांच्या हातात, त्यामुळे उतरताना कुणी गोळ्या घालायला नव्हतं. आणि दुसऱ्याच संध्याकाळी जमिनीवरून येऊन मिळाली कोण? १ मराठा, जंगी पलटण. २ पॅरा स्वतः मुळात ३ मराठा. उडी मारणारेही मराठे आणि येऊन मिळणारेही मराठे.

तुलना करा: पालेम्बांगला जमिनीवरची फौज दुसऱ्या दिवशी आली, टांगाईललाही दुसऱ्या दिवशी. कुपांगला तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि तिथे पॅराट्रूपर सर्वांत जास्त चिरडले गेले.

मेधा_क

शिलेदार, छान. जपान्यांशी लढलेले आपले पॅराट्रूपर म्हणजे सांगशाकचे ना?

शिलेदार

हो. मार्च १९४४, मणिपूर. ५०वी भारतीय पॅरा ब्रिगेड, पण तिथे ती पायदळ म्हणून लढली. सोबत ४/५ मराठा लाइट इन्फंट्री. टेकडीवर पाण्याचा थेंब नाही आणि विमानांनी टाकलेली रसद बरीचशी जपान्यांच्या हद्दीत पडली. पंखाभाऊंचा पेट्यांचा मुद्दा तिथेही लागू.

संपादक_मंडळ

चर्चा छान चालली आहे. १९७१ साठी वेगळा धागा काढल्यास उत्तम.

उंटावरचा_शहाणा

संपादकांनी रस्ता अडवला. पॅराट्रूपर निघाले हे.

पंखा_नं_५

पी-१ चा एक किस्सा टाकतो आणि मूळ मुद्द्यावर येतो. तळाच्या बचावाची जबाबदारी विंग कमांडर मॅग्वायर यांच्याकडे होती. रस्ता मोकळा करायला थोडी माणसं घेऊन निघाले आणि समोर जपान्यांचा चांगला मोठा घोळका. गोळ्या झाडण्याऐवजी हत्यार खाली ठेवून ते सरळ पुढे गेले आणि "शरण या" म्हणाले. समोरून उत्तर आलं, तुम्हीच शरण या, सुखरूप जाऊ देऊ. मॅग्वायर "विचारून सांगतो" म्हणून मागे फिरले आणि निसटले.

यातून एक दिसतं: दोन्ही बाजूंना समोर किती माणसं आहेत याचा अंदाज नव्हता. जपान्यांना कळलं असतं की तळावर दारूगोळा संपत आलाय तर ते दुपारीच आत घुसले असते. ब्रिटिशांना कळलं असतं की समोरच्यांकडे पिस्तुलं आहेत तर त्यांनी तळ सोडला नसता.

तोफखाना

आणि ही घबराट तिथेच थांबली नाही. १५ ला शहर सोडलं, मग पी-२ सोडला, मग दक्षिण टोकाचं ओस्टहाव्हन बंदरही घाईघाईत रिकामं केलं, तिथे जपानी पोचायच्या कितीतरी आधी. इंजिनं, सुटे भाग, दारूगोळा धक्क्यावर तसाच. काही दिवसांनी हवाई दलाचे स्वयंसेवक बॅलरॅट या ऑस्ट्रेलियन बोटीने जाऊन त्यातलं जमेल तेवढं उचलून आले, आणि त्यांना हटकायलाही कुणी नव्हतं. जावाच्या बचावासाठी तेच सामान मोलाचं होतं.

नकाशेवाले, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर इथे आहे. पी-१ हातात असता तर १५ ला मुसीतल्या होड्यांवर दोन तळांवरून मारा झाला असता. पी-१ वर इंधन, तोफा, रस्ता, टेलिफोन होते. पी-२ वर लपायला झाडी होती, पण विमानविरोधी तोफा नव्हत्या. तो एक दिवस तसा टिकला, पुढे टिकला नसता.

नकाशेवाला

हे मान्य करायला हरकत नाही, पण मग वाक्य बदला. "पॅराट्रूपर्सनी विमानतळ जिंकला" म्हणू नका, "पॅराट्रूपर्सनी चोवीस तास विकत घेतले" म्हणा. किंमत चाळिसेक मृत. या मोहिमांच्या मानाने स्वस्त.

रॉकेल

आणि त्या चोवीस तासांत प्लाजू. माझ्या दृष्टीने सौद्याची खरी बाजू तीच. पुरावा हवा तर जानेवारी १९४५ बघा. ब्रिटिश पॅसिफिक फ्लीटच्या चार विमानवाहू नौकांनी २४ ला प्लाजूवर आणि २९ ला सुंगाई गेरोंगवर हल्ले केले, वर बांधलेल्या फुग्यांच्या तारांमधून अ‍ॅव्हेंजर विमानं घालून. १९४२ मध्ये स्फोटकांच्या पेट्या वेळेवर लावल्या असत्या तर त्यातली निम्मी तरी धडपड वाचली असती.

मेधा_क

मग हे इतकं कामाचं होतं तर जपान्यांनी पुढे पुन्हा का नाही केलं? १९४२ नंतर एकदम शांतता दिसते.

कोकणकडा

केलं, उशिरा. ६ डिसेंबर १९४४, फिलिपिन्समधलं लेयते, बुराऊएनच्या बाजूचे विमानतळ: बुरी, सान पाब्लो, बायुग. उड्या पडल्या, बुरीचा तळ काही दिवस धरूनही ठेवला. पण डोंगरातून येऊन मिळायची जपानी फौज ठरल्या वेळी, ठरल्या संख्येने आलीच नाही. जी थोडी आली ती अर्धपोटी. आणि समोर पी-१ सारखे फिटर-कारकून असले तरी त्यांच्या मागे अमेरिकी ११वी एअरबोर्न डिव्हिजन होती. वाहतूक विमानं कमी, सोबतीला लढाऊ विमानं कमी, आकाश अमेरिकेचं.

शिलेदार

म्हणजे पालेम्बांगला जुळून आलेल्या तीन गोष्टी तिथे नव्हत्या: आकाशावर ताबा, रिकामा तळ, आणि दुसऱ्या दिवशी येणारी फौज.

तोफखाना

चौथी टाका: एकच रस्ता. बुराऊएनच्या बाजूला अमेरिकी इंजिनिअरांनी रस्तेच रस्ते केले होते. एक अडवला तर दुसरा.

सातारी_तर्री

लेयतेचा धागा काढा हो कोणीतरी. पॉपकॉर्न संपले, आता भडंग आणतो.

कोकणकडा

काढतो या आठवड्यात. बुरीच्या धावपट्टीचा नकाशा नकाशेवाल्यांनी द्यायचा, या अटीवर.